वाजवणाऱ्यांसाठी वीज (भाग 9) : जुना बेस अ‍ॅम्प बिघडलेला निघाला, तर?

जुना अ‍ॅम्प घेण्याआधी काय तपासायचं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण सोलापुरात राहून घेणाऱ्याला हात लावून बघायची संधी मिळतेच असं नाही. माल पुण्या-मुंबईत असतो. मोबाइलवर दोन फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ येतो, पैसे जातात, आणि अ‍ॅम्प रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पडून अडीचशे किलोमीटर हादरे खात सकाळी उतरतो. चर्चच्या कॉयरमध्ये, ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणारी आपल्याकडची कितीतरी मुलं पहिला अ‍ॅम्प असाच घेतात, कारण नवा परवडत नाही. त्यांचे पैसे कष्टाचे असतात. म्हणून आजचा भाग घरी येऊन पोचलेल्या, पण नीट न वाजणाऱ्या अ‍ॅम्पचा.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की ‘आता तरी लागतो का बघू’ म्हणत तो सारखा चालू-बंद करू नका. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधला आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की आतल्या सप्लायचे तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त डीसी व्होल्ट थेट स्पीकरवर जातात. स्पीकरची कॉइल आवाजासाठी बनलेली असते. अशा डीसीनं ती काही सेकंदांत जळते. मग दोन ट्रान्झिस्टरवर भागणारं काम पंधरा इंची स्पीकर बदलण्यावर जातं. खूण सोपी आहे. जाळी काढून कोनकडे बघत स्विच टाका. ‘धप्’ आवाज होऊन कोन पुढे किंवा मागे ओढला गेला आणि तिथंच अडकून राहिला, तर त्याच क्षणी बंद करा आणि पुन्हा लावू नका. फ्यूज उडत असेल तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज एकदा घालून बघायला हरकत नाही. तोही उडाला तर थांबा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी करणं.

कोन शांत आहे, फ्यूज टिकला आहे, पण घूं असा आवाज येतोय? सर्वाधिक तक्रारी याच असतात, आणि इथं बेस वाजवणाऱ्याचा कान मल्टिमीटरच्या आधी कामाला येतो. आपली वीज 50 हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी स्वर साधारण 49 हर्ट्झचा असतो आणि मोकळी जी तार 98 हर्ट्झची. आता अ‍ॅम्पची घूं ऐका आणि ती या दोनपैकी कुठल्या स्वराशी जुळते ते बघा. ई तारेवरच्या खालच्या जीशी जुळली, तर ती 50 हर्ट्झची आहे आणि बहुधा बाहेरून येतेय: केबलची शिल्ड तुटलेली, गिटारचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घूं ओढून घेतोय, किंवा अर्थिंगचा घोळ. मोकळ्या जी तारेशी जुळली, तर ती 100 हर्ट्झची. रेक्टिफायरनंतरचे मोठे फिल्टर कंडेन्सर थकले, की डीसीमध्ये अशी लाट उरते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती तेवढीच राहिली तर संशय आणखी पक्का. दोन्ही घूं मिसळलेल्या असू शकतात, तरी कुठून सुरुवात करायची हे या परीक्षेनं ठरतं.

हे कंडेन्सर आपल्या हवेत लवकर जातात, यात नवल नाही. आतल्या द्रवामुळे त्यांचं आयुष्य उष्णतेवर अवलंबून असतं, आणि ढोबळ नियम असा की दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा चाळीस अंशांच्या वर असते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बंद लाकडी खोक्याच्या आत त्याहून बरीच जास्त. डोकं फुगलेला किंवा बुडाशी चिकट डाग असलेला कंडेन्सर गेलाच समजा. जुना अ‍ॅम्प उघडलाच आहे, तर हे कंडेन्सर जोडीनं बदलून घ्यावेत, असं माझं मत.

पण घूंपेक्षा मला जास्त काळजी अर्थिंगची वाटते. जुन्या पेठांतल्या घरांत थ्री-पिन सॉकेट दिसतं, पण वरच्या भोकामागं तार असतेच असं नाही. त्यात आधीच्या मालकानं घूं कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थ पिनच कापून टाकलेली असते. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या शिल्डमधून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पच्या आत गळती असेल आणि अर्थ नसेल, तर ती वीज तारांवर, म्हणजे तुमच्या बोटांवर येते. समोरचा माइक वेगळ्या, अर्थ असलेल्या मिक्सरला जोडलेला असेल आणि गाताना ओठ त्याला लागले, तर वीज हातातून छातीतून ओठाकडे जाते. तारांना नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटलं तरी वाजवणं थांबवा. वायरमनला बोलावून मल्टिमीटरनं बघायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालायचं काम पूर्वी घरातली मोठी माणसं आठवणीनं करत. ते पुन्हा सुरू करा.

मध्येच आवाज जाणं आणि अ‍ॅम्पवर थाप मारली की परत येणं, ही त्या मानानं सुखाची तक्रार. मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक असतील, तर एक छोटी केबल घेऊन ते दोन्ही एकमेकांना जोडा. आवाज लगेच भरून आला, तर रिटर्न जॅकच्या आतली पट्टी काळी पडली आहे. प्लग पाच-दहा वेळा आत-बाहेर करा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमलाही तेच औषध. शिवणयंत्राचं तेल मात्र नको, त्यावर धूळ बसते. प्रवासातून आलेल्या अ‍ॅम्पचे ट्रान्सफॉर्मरचे आणि स्पीकरचे बोल्ट आवळून घ्या. जड ट्रान्सफॉर्मर हलला की बोर्डवरचे डाग तडकतात. इनपुट जॅकच्या पायांशी बारीक गोल चीर दिसली तर नव्यानं डाग द्यावा लागतो.

याच्या पुढचं काम मेकॅनिकचं. बंद केलेल्या अ‍ॅम्पमध्येही कंडेन्सर भरलेले राहतात, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर चारशे-पाचशे व्होल्ट. तिथं घरी हात घालू नये. सोलापूरचं एक बरं आहे: मिरवणुका, जयंत्या आणि गड्ड्याच्या यात्रेमुळे पॉवर अ‍ॅम्पवर हात बसलेले मेकॅनिक इथं आहेत. बेस अ‍ॅम्प त्यांनी कमी पाहिलेले असतात, पण आउटपुटची बाजू तीच. चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा? तो अ‍ॅम्प सरळ प्लगमध्ये घालत नाही. बाकावरच्या सिरीज बोर्डवर शंभर वॅटचा पिवळा बल्ब असतो, त्यातून आधी वीज देतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर कंडेन्सर भरले आणि आत शॉर्ट नाही. लख्ख पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट आहे, पण बल्बनं करंट अडवल्यामुळे आणखी काही जळलं नाही. मग तो स्पीकरची वायर काढून आउटपुटवर मीटर लावतो. तिथं काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मात्र स्पीकर किंवा लोड काढून कधीच चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो. आणि हलक्या वजनाचे, स्विचिंग सप्लायचे नवे अ‍ॅम्प या बल्बवर नीट सुरूच होत नाहीत, त्यामुळे त्यांचा निकाल यावर लावू नये.

पार्ट कुठून आणला, हे विचारा. आपल्याकडे सर्रास चालणारी 5200 आणि 1943 ही ट्रान्झिस्टरची जोडी बाजारात नकली फार मिळते. नकली जोडी घरात हळू आवाजात चालते आणि कार्यक्रमात जोर दिला की उडते. बिल आणि जुना पार्ट, दोन्ही परत मागून घ्या. गणपतीच्या तोंडावर मेकॅनिककडे जाऊ नका. त्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. आषाढात द्या, तो निवांत बसून बघेल.

आता विकणाऱ्याचं. अ‍ॅम्प खोक्यातून काढतानाच व्हिडिओ करा आणि बिघाड दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, पण जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. 1930 च्या माल विक्री कायद्यात वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी मुळात घेणाऱ्यावर आहे. तरी वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असं कलम 15 सांगतं. ‘पूर्ण चालू, काहीही काम नाही’ असं लिहिलेलं असेल तर ते वर्णनच आहे. माहीत असलेला दोष मुद्दाम लपवला, तर 1872 च्या करार कायद्यानुसार ती फसवणूक ठरते. दुकानदाराकडून घेतला असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं काम सोपं केलं आहे. दुकान पुण्यात असलं तरी तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघावा. बेस वाजवून स्वतःचं पोट भरणाराही या कायद्यात ग्राहकच आहे.

घरगुती विक्रेत्याच्या बाबतीत हा मार्ग सहसा लागू पडत नाही, आणि दहा-पंधरा हजारांसाठी दिवाणी कोर्टात जाणं कुणालाच झेपत नाही. तिथं मेकॅनिकनं लिहून दिलेला खर्चाचा अंदाज पाठवून निम्मा खर्च मागणं हाच व्यवहार्य रस्ता. स्वर शांत ठेवला तर बरेच जण देतात, कारण त्यांनाही वाईट वाटलेलं असतं. मागून बघा, संकोच करू नका.

दुरुस्ती अ‍ॅम्पच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागली तर मी थांबेन. ट्रान्सफॉर्मर जळाला असला तरी खोकं आणि स्पीकर बहुतेक वेळा शाबूत असतात. ते ठेवून वेगळा हेड जोडता येतो, फक्त ओहमचं गणित जुळलं पाहिजे. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास का दाखवतो आणि चार ओहमच्या हेडला काय चालतं, ते पुढच्या भागात.