विमानतळाशेजारची जमीन म्हणजे चांदी?

"तुमची काय बुवा, आता चांदीच आहे!" पुरंदर तालुक्यातला माणूस लग्नाला जावो की दवाखान्यात, हे वाक्य ऐकल्याशिवाय परत येत नाही. २०१६ मध्ये तिथल्या विमानतळाची घोषणा झाल्यापासून मी ते ऐकतो आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण याच समजुतीमुळे हरकत घेणारा शेतकरी हावरट ठरतो आणि दलालाच्या तोंडचा आकडा खरा वाटू लागतो. म्हणून एकदा कागद समोर ठेवून बोलू.

'विमानतळाशेजारचा जमीनमालक' असा एकच माणूस नसतो. नकाशावर संपादनाची एक रेघ असते. रेघेच्या आत ज्याचा गट, त्याची जमीन जाते आणि त्याला मोबदला मिळतो. रेघेला लागून बाहेर ज्याचा गट, त्याची जमीन राहते, पण त्याला संपादनाचा मोबदला नाही. रेघेपासून दूर, मोठ्या रस्त्याकडेला ज्याची जमीन, त्याला भाववाढ मिळू शकते. चांदीच्या गोष्टी बहुतेक या तिसऱ्याच्या असतात आणि त्या पहिल्या दोघांना ऐकवल्या जातात.

आधी रेघेच्या आतला. त्याला 'बाजारभावाच्या चौपट' मिळतात, हे सगळ्यांना पाठ आहे. यातला बाजारभाव कुठला, हे मात्र कोणी विचारत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या २६ व्या कलमात तो ठरवण्याची रीत दिली आहे. रेडीरेकनरचा दर, किंवा जवळच्या तशाच जमिनींच्या आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतला जो मोठा तो धरायचा. ग्रामीण भागात त्याला दोनपर्यंत गुणक लावायचा आणि तेवढीच दिलासा रक्कम वर द्यायची. चौपट होते ती अशी. समजा, खतांची सरासरी एकरी १० लाख आली, तर मोबदला ४० लाख. चहाच्या टपरीवर एकरी कोटीचा भाव चालला असेल, तरी त्याचे चार कोटी होत नाहीत. वर्षानुवर्षं खरेदीखतात खरी किंमत न लिहिण्याची जी सवय आपण लावून घेतली, तिची किंमत संपादनाच्या वेळी शेतकरी मोजतो.

आता रेघेबाहेरचा, ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. त्याची जमीन त्याच्याच नावावर राहते, पण त्यावर किती उंच बांधायचं हे आता विमान ठरवतं. केंद्राच्या २०१५ च्या नियमांनी उंचीच्या मर्यादा घातल्या आहेत. मोठ्या धावपट्टीच्या रेषेत, टोकापुढच्या राखीव पट्ट्यापासून दर ५० मीटरला १ मीटर अशी मुभा वाढते. म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर जेमतेम १० मीटर, तीन मजले. आजूबाजूला सुमारे ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची मर्यादा. ही उंची तुमच्या जोत्यापासून मोजत नाहीत, विमानतळाच्या पातळीपासून मोजतात. शेत त्या पातळीपेक्षा ३० मीटर उंच टेकाडावर असेल, तर हातात १५ मीटर उरतात. पुरंदरसारख्या डोंगराळ तालुक्यात हा हिशेब जमीन विकण्याआधी करायचा की नंतर?

पटत नसेल तर विलेपार्ल्याला जा. मुंबई विमानतळाच्या फनेल झोनमधल्या, म्हणजे विमानांच्या उतरण्या-चढण्याच्या वाटेखालच्या, जुन्या इमारती वर्षानुवर्षं पुनर्विकासासाठी अडून राहिल्या, कारण मजले वाढवता येत नाहीत आणि मजले वाढल्याशिवाय बिल्डर येत नाही. विमानतळाशेजारीच असूनही ती घरं गळकी राहिली.

आवाजाचंही तेच. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गजबजलेल्या विमानतळाच्या परिसरासाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५. घर तेच, झोपणारं लेकरू तेच, कायद्याला चालणारा आवाज मात्र वाढतो.

'आपल्या डोक्यावरून विमान गेलं तर आपलं काय जातं?' असं विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक निकाल. नॉर्थ कॅरोलायनात कॉसबी नावाच्या शेतकऱ्याच्या कुक्कुटपालनावरून लष्करी विमानं जेमतेम ८३ फुटांवरून जात. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. अशा सुमारे १५० मेल्या आणि धंदा बंद पडला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, सरकारने जमिनीचा वापरच हिरावला आहे, भरपाई द्या. आपल्याकडेही उंचीच्या निर्बंधाने नुकसान झालं तर भरपाईची तरतूद विमान कायद्यात आहे. पण ती माहीत असेल तर मागणार ना!

आणखी काही समज, थोडक्यात.

'मोबदल्यातला मोठा वाटा आयकरात जातो.' २०१३ च्या कायद्याच्या ९६ व्या कलमाने सक्तीच्या संपादनाचा मोबदला आयकरमुक्त आहे. २०१६ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तसं स्पष्टही केलं.

'रेघेपासून लांब असलं की नियम लागत नाहीत.' विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला बंदी आहे. ही जबाबदारी आसपासच्या ग्रामपंचायतींवर येते.

'हरकत घेणारा विकासाच्या आड येतो.' पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराची बाग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि नवी मुंबईत १९८४ चं, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन झालं नसतं, तर साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली नसती. पुढे विमानतळासाठी तोच वाटा साडेबावीस टक्के झाला. तिथे विकासात भागीदारी मिळाली ती हरकत घेतल्यामुळे.

तेव्हा कुणाला 'चांदी' म्हणण्याआधी तीन कागद बघा: संपादनाच्या अधिसूचनेतले गट क्रमांक, गावातल्या खरेदीखतांच्या नोंदींचा उतारा (इंडेक्स टू) आणि विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा रंगीत नकाशा. आणि समोरचा माणूस रेघेच्या कुठल्या बाजूला राहतो, हे त्यालाच विचारा. तो बहुधा पैशांच्या आधी विहिरीबद्दल बोलेल. ते ऐकून घ्या.