फाइल असूनही येणारा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' संदेश

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' (अर्थ : अशी फाइल किंवा निर्देशिका नाही) हा लिनक्स व इतर युनिक्ससदृश कार्यप्रणालींच्या टर्मिनलमध्ये दिसणारा त्रुटीसंदेश आहे. कर्नलच्या 'ईएनओईएनटी' या त्रुटीचे, म्हणजेच लिनक्समधील त्रुटी क्रमांक २ चे, ते शब्दरूप होय. बहुधा नाव किंवा मार्ग चुकल्याने तो येतो. परंतु काही वेळा 'एलएस' आज्ञा फाइल दाखवते, ती चालवण्याची परवानगीही असते, आणि तरी चालवू जाता हाच संदेश मिळतो.

कारण

अशा वेळी संदेश खोटा नसतो, अपुरा असतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत '#!' या चिन्हांनंतर ती वाचणाऱ्या प्रोग्रामचा मार्ग असतो. बहुतेक संकलित प्रोग्रामांत डायनॅमिक लोडरचा मार्ग नोंदलेला असतो. ही दुसरी फाइल न सापडल्यास कर्नल तोच क्रमांक २ परत करतो, मात्र कोणती फाइल सापडली नाही हे सांगत नाही. परिणामी शेल अनेकदा वापरकर्त्याने दिलेलेच नाव छापते. २०२२ मधील बॅश ५.२ पासून 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' असा अधिक नेमका संदेश मिळतो.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट हे याचे नेहमीचे उदाहरण. तेथे ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (आस्की १३) आणि लाइन फीड (आस्की १०) असे दोन वर्ण असतात. युनिक्समध्ये केवळ दुसरा. टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेला पहिला वर्ण डोळ्यांना दिसत नाही, पण कर्नल त्याला मार्गाचाच भाग समजतो आणि 'बॅश'ऐवजी शेवटी अदृश्य वर्ण असलेली, अस्तित्वातच नसलेली फाइल शोधतो.

निदान व उपाय

'फाइल' ही आज्ञा अशा स्क्रिप्टबाबत 'सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स' असल्याचे कळवते. 'डॉसटूयुनिक्स' या आज्ञेने ते वर्ण काढता येतात. संकलित प्रोग्रामला कोणता लोडर हवा आहे हे 'रीडएल्फ -एल' दाखवते. ६४-बिट प्रणालीवर ३२-बिट लोडर नसणे, किंवा ग्लिबसीसाठी बनवलेला प्रोग्राम मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर चालवणे, ही तेथील सामान्य कारणे होत.

सर्वांना सर्व परवानग्या देणे (सीएचमॉड ७७७) हा पुष्कळदा केला जाणारा उपाय येथे निरुपयोगी आहे, शिवाय असुरक्षितही. 'बॅश' आज्ञेपुढे स्क्रिप्टचे नाव देऊन ती चालवणे अधिक फसवे ठरते. तेव्हा पहिली ओळ केवळ टिप्पणी मानली जाते व मूळ संदेश नाहीसा होतो, पण उरलेल्या ओळींतील कॅरेज रिटर्न तसेच राहतात. बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टने त्यामुळे नावाच्या शेवटी अदृश्य वर्ण असलेली निर्देशिका निर्माण केली, तर प्रती तिच्यात साठत जातात आणि अपेक्षित निर्देशिका रिकामीच राहते.