रीफ टँकचा दिवा: खोक्यावरचे आकडे आणि पाण्यातला प्रकाश

बेंगळुरूत खाऱ्या पाण्याचा टँक लावणारे आता कमी नाहीत. हवा त्यांच्या बाजूने आहे. मुंबई-चेन्नईत बाराही महिने चिलर चालवावा लागतो, तर इथे एप्रिल-मे सोडले तर पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. पैसे वाया जातात ते दिव्यावर. दुकानात पाऊल टाकताच प्रश्न येतो, "किती वॉटचा पाहिजे?" आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो, एवढेच. "एवढ्या लिटरला एवढे वॉट" हा हिशेब ट्यूबच्या जमान्यातला. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या ट्यूब बऱ्यापैकी एकसारख्या असत, त्यामुळे तो चालून जायचा. एलईडीत मात्र चिप कोणती, लेन्स किती अंशांची, दिवा पाण्यापासून किती उंच, यावर सगळे ठरते. शंभर वॉटचे दोन दिवे तळाच्या वाळूवर एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट फरकाचा प्रकाश टाकू शकतात.

मग लुमेन बघावेत का? तेही नकोत. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. प्रवाळाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून आपल्या यजमानाला साखर पुरवते, आणि बऱ्याच प्रवाळांच्या ऊर्जेचा मोठा वाटा तिथूनच येतो. या शैवालाला सर्वांत जास्त उपयोग होतो तो ४०० ते ५०० नॅनोमीटरमधल्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा. म्हणजे लुमेनच्या तराजूत हलका ठरणारा निळा दिवा प्रवाळाला पोटभर जेवण देत असू शकतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपची हीच गत. निळ्या प्रकाशात त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

कामाचे माप एकच, ते म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते यात मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारी उघड्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. टँकमध्ये एवढा कुणालाच नको. मश्रूम, झोआ, लेदर अशा मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरतो. मोठ्या पॉलिपच्या कडक प्रवाळांचेही साधारण तेवढ्यात भागते. ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांनाच दोनशे ते साडेतीनशे लागतात.

हा पार मोजायचा कुठे? पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, जिथे प्रवाळ बसणार आहे तिथे. दोन फुटी चौकोनी टँकवर मधोमध एक दिवा लावा आणि पाण्याखाली चालणारा पार मीटर फिरवून पाहा. दिव्याच्या बरोबर खाली, खडकाच्या माथ्यावर तीनशे आणि पुढच्या कोपऱ्यातल्या वाळूवर साठ-सत्तर, असा फरक सहज सापडतो. टँक एकच, पण आत तीन-चार वेगळ्या वस्त्या. अरुंद कोनाची लेन्स असेल तर ही दरी आणखी वाढते. दिवा वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच टांगला किंवा एकाऐवजी दोन छोटे दिवे लावले तर ती कमी होते. पार मीटर स्वस्त नाही आणि एकट्याने घेण्याची गरजही नाही. चार टँकवाल्यांनी मिळून घेतला तर भागते, कारण तो वर्षातून दोन-चारदाच लागतो.

आता निळ्या रंगाविषयी. याबाबत दोन परस्परविरुद्ध समज आहेत आणि दोन्ही अर्धे खरे. पहिला म्हणजे निळा दिवा नुसता शोभेचा. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा अँग्रिया बँक हा पाण्याखालचा उंचवटा आहे. तिथले प्रवाळ पृष्ठभागापासून वीस मीटर आणि त्याहून खाली वाढतात. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून टाकते आणि खोलवर पोचतो तो मुख्यतः निळा. तरीही तिथे प्रवाळ आहेत. तेव्हा निळा म्हणजे नुसती शोभा, हे खरे नाही.

दुसरा समज याच्या उलट: जितके निळे, तितके निरोगी. रात्री निळ्या दिव्याखाली टँक चमकतो ते प्रवाळातल्या प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. ती निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, नारिंगी, लाल बाहेर टाकतात. यांतले हिरवे प्रथिन आधी एका जेलीफिशमध्ये सापडले आणि त्यावरच्या कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण चमक म्हणजे तब्येत नव्हे. फिकट पडत चाललेले, उपाशी कोरलही निळ्यात झगमगते. म्हणून दिवसातून एकदा पांढरा प्रकाश लावून खरा रंग बघावा. खोक्यावरचे १०,००० किंवा २०,००० केल्विन हे आकडे प्रकाश डोळ्यांना कसा दिसेल तेवढेच सांगतात. तो किती आहे, याचा त्यांच्याशी संबंध नाही. निळ्याचे पारडे जड ठेवावे, सोबत थोडा पांढरा असावा, बाकी आवड तुमची.

सर्वांत जास्त कोरल मरतात ते मात्र कमी प्रकाशाने नव्हे. "नवा दिवा आहे, शंभर टक्क्यांवर लावू, लवकर वाढतील" या उत्साहाने ते जातात. प्रकाशसंश्लेषणाला मर्यादा असते. एका पातळीनंतर जास्तीचा प्रकाश शैवालाला वापरता येत नाही, त्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात आणि प्रवाळ शैवालच बाहेर टाकतो. ऊतींमधून पांढरा सांगाडा दिसू लागतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. उष्णतेची जोड मिळाली की हे आणखी लवकर घडते. म्हणून मे महिन्यात पाणी अठ्ठावीसच्या वर चालले असेल तर दिव्याची तीव्रता थोडी उतरवणे शहाणपणाचे.

नवा दिवा किंवा नवे कोरल आले की तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करून चार ते सहा आठवडे हळूहळू चढवावे. मधल्या काळात कोरल स्वतःच बोलते. उजेड कमी पडला तर तपकिरी होते, लांब ताणून वर झुकते. जास्त झाला तर फिकट पडते किंवा आक्रसून घेते. मश्रूमची चकती आठवड्यात नाण्याएवढी आवळली तर तिला खडकाच्या सावलीत हलवा, खत-औषध शोधत बसू नका.

"एलईडी थंड असते" हे बऱ्याच अंशी खरे. जुने मेटल हॅलाइड दिवे पाण्यावर सरळ उष्णता फेकत, एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंकमधून वर जाते. विजेचा फरकही मोठा. अडीचशे वॉटचे दोन हॅलाइड दहा तास लावले तर महिन्याला दीडशे युनिट, दीडशे वॉटचा एलईडी पूर्ण ताकदीवर लावला तरी पंचेचाळीस. पण उन्हाळ्यात टँक बंद कॅबिनेटमध्ये असेल तर ही उष्णताही भोवते. पाण्यावर लावलेला छोटा पंखा बेंगळुरूच्या कोरड्या उन्हाळ्यात छान काम करतो, फक्त पाणी वेगाने उडते आणि क्षारता वाढते, म्हणून रोज आरओचे गोडे पाणी घालावे लागते.

बाल्कनीतल्या फुकटच्या उन्हाचा मोह मात्र टाळा. ऊन आपल्या हातात नसते, पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते. त्या शेवाळाचे खापर अनेकजण पांढऱ्या दिव्यावर फोडतात. खरा दोषी बहुधा पाण्यातला नायट्रेट-फॉस्फेट असतो आणि तो येतो जास्तीच्या खाद्यातून किंवा गाळणी न लावलेल्या बोअरच्या पाण्यातून.

दिवा सकाळी सहाला लावलाच पाहिजे, हेही कुणी तरी पसरवले आहे. प्रवाळाला आठ-दहा तास प्रकाश आणि मग पूर्ण अंधार हवा, घड्याळ कोणते ते त्याला कळत नाही. आउटर रिंग रोडवरून रात्री आठला घरी पोचणाऱ्याने खुशाल दुपारी एक ते रात्री दहा असा टायमर लावावा. लेन्सवर मिठाचा पांढरा थर जमतो, तो महिन्यातून एकदा वीज बंद करून ओल्या कापडाने पुसावा. आणि खाऱ्या पाण्याशेजारी वीज आहे, तेव्हा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या सॉकेटवर टँक चालवू नये.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कडक, रीफ बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे, शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेची. परदेशातून येणाऱ्या कडक प्रवाळांनाही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराचे दुसरे परिशिष्ट लागू होते. मश्रूम, झोआ, लेदर या गटांत मोडत नाहीत आणि नेमका त्यांना कमी प्रकाश पुरतो. म्हणजे बहुतेक घरांना तो महागडा, पाचशे पार फेकणारा दिवा लागतच नाही. आधी कोणते प्रवाळ ठेवायचे ते ठरवा, मग टँकची खोली मोजा, आणि दिव्याकडे त्यानंतर वळा. कडक कोरल हवेच असेल तर विक्रेत्याकडून आयातीचे कागद मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर ते घेऊ नका.