तिनापासून नवापर्यंत

जीपीयूआउल हा प्रोग्राम चालू असताना पडद्यावर फार थोडं दिसतं. घातांक, किती वर्ग करून झाले, एका वर्गाला किती मायक्रोसेकंद लागले, सोळा अक्षरांचा अवशेष. अधूनमधून एखाद्या ओळीत ‘ओके’ उमटतं. माझी नजर तेवढ्यासाठी तिथे असते.

हा प्रोग्राम मर्सेन संख्या तपासतो: 2 चा मोठा घात वजा 1, ही मर्सेन संख्या. ती मूळ आहे का? 3 घ्यायचे, वर्ग करायचा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग. घातांक जेवढा, तेवढ्या वेळा. शेवटी 9 उरले तर संख्या जवळजवळ नक्की मूळ. दुसरं काही उरलं तर ती मूळ नाहीच. भागाकाराचा त्रास नाही, वरचे बिट खालच्या बिटांत मिळवले की बाकी हाती येते. खरे कष्ट गुणाकाराचे. कोट्यवधी बिटांची संख्या साधारण अठरा-अठरा बिटांच्या तुकड्यांत पाडून फूरिए रूपांतराने गुणतात, आणि ग्राफिक्स कार्डाचे हजारो गाभे इथे एकदम कामाला लागतात. गेमिंगचं महागडं कार्ड मात्र यात मागे पडू शकतं, कारण या गुणाकाराला लागणारी दुहेरी अचूकतेची आकडेमोड त्यात बरीच मंद असते.

प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गावर उभा. मध्येच एक बिट उलटला तर पुढची सगळी मेहनत वाया. रॉबर्ट गेर्बिट्झ यांनी 2017 मध्ये सुचवलेल्या तपासणीने यावर उपाय मिळाला: ठरावीक टप्प्यांवर गणित स्वतःलाच पडताळतं, बरोबर असेल तर ते ‘ओके’ उमटतं, चूक सापडली तर शेवटच्या बरोबर टप्प्यावर परततं. माझ्या मते मूळ संख्यांच्या शोधात वेगाइतकंच मोल या तपासणीला आहे. तिच्याशिवाय तापलेल्या कार्डाच्या उत्तरावर कोण विसंबेल?

मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंट यांनी 17 देशांतली भाड्याची कार्डं अशीच कामाला जुंपली. 11 ऑक्टोबर 2024 रोजी डब्लिनमधल्या ए100 ग्राफिक्स कार्डाने 2 चा 136279841 वा घात वजा 1 ही संख्या मूळ असावी असं कळवलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या एच100 कार्डाने तीच संख्या लुकास-लेमर कसोटीवर घासली. ही कसोटी 4 पासून सुरू होते, दर वर्गातून 2 वजा करते, आणि शेवटी शून्य आलं तर शंकेला जागा ठेवत नाही. शून्य आलं. 4,10,24,320 अंकांची ही संख्या, ग्राफिक्स कार्डाने शोधलेली पहिली मर्सेन मूळ संख्या.