न्हाणीघराला काचेचे दार लावण्यापूर्वी

डाळिंबाने किंवा द्राक्षाने दोन पैसे हाती दिले की आपल्याकडे पहिली कुदळ पडते ती जुन्या न्हाणीवर. दगडी मोरी, कडेचा तांब्याचा बंब आणि आडोशाचे पत्रे जातात. भिंतीला फरशी, वर फवारा आणि कोपऱ्यात संडास असे नवे न्हाणीघर होते. याला माझी ना नाही. घरातल्या बायाबापड्यांनी आडोशाला किती वर्षे अंग चोरून आंघोळ करायची? पण अलीकडे त्यात एक काचेचे दार येऊ लागले आहे. फवाऱ्याचे पाणी संडासाकडे उडू नये, बाकीची फरशी कोरडी राहावी, हा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे. मात्र निवड करताना आपण काय पाहतो? दुकानातली चकाकी.

माझा प्रांत माती आणि पाणी यांचा. मग काचेत मी कसा पडलो, ते सांगतो. सांगोला तालुक्यात एका डाळिंबाच्या बागेत ठिबकची छिद्रे बुजली म्हणून मला बोलावले होते. पाहतो तो प्रत्येक तोटीच्या तोंडाशी पांढरी खडी. बोअरचे पाणी जड, क्षारांनी भरलेले. आम्लाची प्रक्रिया कशी करायची ते समजावून घरी चहाला गेलो, तर सूनबाई म्हणाल्या, "साहेब, तेच औषध आमच्या काचेला पण सांगा की." न्हाणीघर उघडून दाखवले. दार बसवून चार महिने झालेले, आणि काच ताक सांडल्यासारखी पांढरी! शेतातल्या तोटीत जो चुना बसला होता, तोच घरात काचेवर बसला होता. पाणी वाळते, पाण्यातला चुना वाळत नाही; तो तिथेच राहतो. त्यावर साबण बसतो, दिवाळीत तेल-उटणे बसते.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्याआधी घरचे पाणी पाहा. आरशाच्या तुकड्यावर चार थेंब टाकून उन्हात वाळू द्या. पांढरी कडी उमटली तर पाणी जड आहे. घरातल्या बाईला तर हे न पाहताही ठाऊक असते; डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आकडा हवा असेल तर पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. तुमचे पाणी या वरच्या आकड्याकडे झुकत असेल, तर काच रोज पुसावी लागेल हे धरून चाला. आंघोळ झाली की रबरी पट्टीचा पुसणा वरून खाली फिरवायचा, दोन मिनिटांचे काम. पण ते कोण करणार, हे आधी ठरवा. पुरुषमंडळींनी हौसेने काच आणायची आणि पुसायला सुनेने वाकायचे, हा न्याय मला पटत नाही. बसलेला चुना लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो. फरशीचे जळजळीत आम्ल मात्र लावू नका, बिजागऱ्या गंजतात आणि बंद खोलीत वाफ छातीत जाते.

आता काचेविषयी. खिडकीची साधी काच इथे कधीही वापरू नये. फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, आणि आंघोळीला अंगावर कपडा नसतो. टफन्ड काचच मागा. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम निववतात, त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते आणि फुटली तरी तिचे बारीक बोथट खडे होतात. कोपऱ्यात कारखान्याचा न पुसणारा शिक्का असतो, तो पाहून घ्या; सुरक्षा काचेचे भारतीय मानक २५५३ आहे. ती एकदा तयार झाली की कापता येत नाही, छिद्रही पाडता येत नाही. म्हणून फरशी बसून झाल्यावरच माप द्यावे, आणि तेही वर, मध्ये व खाली असे तीन ठिकाणी. आपल्या गवंड्यांच्या भिंती ओळंब्यात असतातच असे नाही!

जाडी आठ किंवा दहा मिलिमीटर. अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच दार दहा मिलिमीटरचे घेतले तर वजन अडतीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ धान्याचे अर्धे पोते बिजागऱ्यांवर टांगलेले. फरशीमागे पोकळ राहिले असेल तर ती तडकते, म्हणून बिजागरीच्या जागी मागे सिमेंट गच्च भरून घ्या. बिजागऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. सरकते दार जागा वाचवते, पण त्याच्या खालच्या पन्हाळीत चुना आणि केस साचतात. जड पाण्याच्या घरी मी ते सुचवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. त्याच घरातल्या आजी एका सकाळी आत घसरल्या. दार आत उघडणारे होते, कारण बाहेर उघडले तर संडासाला अडत होते. आजी दाराला टेकून पडलेल्या. ढकलावे तर त्यांना लागणार, फोडावे तर खडे त्यांच्याच अंगावर. शेवटी मुलगा वरच्या फटीतून आत उतरला. मनगटावर निभावले, हे दैव. म्हणून दार बाहेरच उघडले पाहिजे. तेवढी जागा नसेल तर दारच नको. आत खरबरीत फरशी घाला, हाताशी भिंतीत पक्का दांडा बसवा, आणि काचेला निदान छातीच्या उंचीवर एखादी पट्टी काढून घ्या, म्हणजे मंद दिसणाऱ्या माणसाला तिथे काच आहे हे कळते.

आणि काच छतापर्यंत नेऊ नका. वर फूट-दीड फूट मोकळे ठेवा, झरोका उघडा असू द्या. गॅसचा गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेरच हवा. कोंडलेल्या जागेत त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. अशा मृत्यूंच्या बातम्या थंडीत आपण वाचतोच.

तुम्ही मला विचाराल, "साहेब, मग तुम्ही काय लावाल?" जड पाणी आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर मी दार लावणारच नाही. फवाऱ्याच्या बाजूला अडीच-तीन फुटांची एकच पक्की उभी काच, पुढे मोकळी वाट आणि फरशीला जाळीकडे नीट उतार. पुसायला निम्मी काच, बिजागरी नाही, अडकायची भीती नाही. तेवढेही जमत नसेल तर प्लास्टिकचा पडदा काही वाईट नाही. तो काढून धुता येतो.

सांगोल्याच्या त्या घरी नंतर दार काढले, बाजूची काच तेवढी ठेवली. काढलेले दार कापून खिडकीला लावावे असे मालकांच्या मनात होते, पण ते कापता येईना. परवा गेलो तेव्हा ते गोठ्याच्या भिंतीला गोणपाटात गुंडाळून उभे होते, आणि आजी आतून सुनेला पाणी गरम झाले का म्हणून विचारत होत्या.