‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ने न थांबणारी थरथर

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टीअरिंग थरथरते, चाकांकडून घुंघुं आवाज येतो, अशी तक्रार गॅरेजमध्ये सांगितली की बहुतेकदा ठरलेले उत्तर मिळते: ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू.’ हे दोन शब्द इतके जोडीने बोलले जातात की ते एकच काम वाटू लागले आहे. अलाइनमेंट म्हणजे चाके कोणत्या कोनात उभी आहेत ते तपासणे. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायरची एक कड लवकर झिजते. थरथर त्यातून थेट येत नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे वाटले गेले आहे का ते पाहणे. थरथर थांबलीच तर या दुसऱ्या कामाने थांबते, आणि तीही दरवेळी नाही. पैसे मात्र दोन्हींचे जातात, मग पुढच्या फेरीत बेअरिंग बदलले जाते, त्यापुढच्या फेरीत टायर. हा अंदाजपंचे खर्च टाळता येतो. आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी वाढतो आणि कधी थांबतो ते पाहिले पाहिजे.

‘दहा-वीस ग्रॅमने काय बिघडणार?’ असे अनेकांना वाटते. 185/65 आर15 मापाचा टायर ताशी 100 किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण 14 फेऱ्या मारतो. रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते चाकाला सुमारे साडेचार किलोच्या जोराने बाहेर खेचते, आणि ही ओढ सेकंदाला 14 वेळा फिरून येते. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो, म्हणून पन्नासला काहीच जाणवत नाही. पुढच्या चाकांचा दोष स्टीअरिंगमध्ये, मागच्यांचा सीटमध्ये आणि पायाखाली अधिक जाणवतो. उलट, वीस-तीसच्या वेगातच गाडी डुलत असेल तर बॅलन्सिंगचा विचार बाजूला ठेवावा. रिम वाकली असेल, नाहीतर टायरच्या आतल्या तारांचे पट्टे सुटून त्याला फुगा आला असेल. असा टायर हायवेवर नेऊच नये. तो कधीही फुटू शकतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो: मशीनने शून्य दाखवले, मग चाकात दोष कसा? मशीन वजन मोजते, गोलाई मोजत नाही. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिमलाही वेट लावून शून्य आणता येते, पण ती रस्त्यावर वर-खाली होतच राहते. म्हणून चाक मशीनवर फिरत असताना आकड्याइतकेच लक्ष रिमच्या कडेकडे द्यावे. कड लाटेसारखी हलताना दिसली की निदान झाले. दुसरी शक्यता अशी की मशीनवर चाक बरोबर आहे, गाडीवर बसताना चुकते आहे. हबवर गंजाची पापडी असेल, किंवा बाहेरून घेतलेल्या अलॉयचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, तर चाक नेमके मध्यावर बसत नाही. आणि पावसाळ्यात सगळ्यात आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालावा. कच्च्या रस्त्याचा चिखल तिथे वाळून दगडासारखा चिकटलेला असतो. तो खरवडून काढला की कित्येकदा थरथर तिथेच संपते.

घुंघुं आवाजाबाबत सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे बेअरिंग गेले की चाक हाताला हलते. बेअरिंग खराब होऊ लागले की आवाज बहुधा आधी येतो आणि चाक हलू लागते ते बरेच नंतर. जॅकवर चाक हलले नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही. चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला, तर खरखर बोटांना कळते. चालत्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर, वेग तोच ठेवून स्टीअरिंग हलके उजवीकडे वळवले की भार डाव्या चाकांवर जातो. आवाज तेव्हा वाढला तर संशय डाव्या बाजूवर. पण ओबडधोबड झिजलेला टायरही हुबेहूब असाच आवाज करतो. दोघांना वेगळे करतो तो रस्ता: काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर, तसाच राहिला तर बहुधा बेअरिंग. टायरच्या नक्षीवरून तळवा दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर चुकलेल्या अलाइनमेंटची खूण सापडली. त्याच बाजूची पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत. आवाजही जागा बदलून गेला तर टायरच दोषी, आणि एवढे कळायला एकही पार्ट लागत नाही.

फक्त ब्रेक दाबल्यावर होणाऱ्या थरथरीला ‘डिस्क तापून वाकली’ म्हणतात. बहुधा ती वाकलेली नसते. तिची जाडी फिरताना कमी-जास्त झालेली असते. फरक शतांश मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका, तरी पायाला जाणवणारा. एअर गनने नट कमी-जास्त आवळले किंवा डिस्कमागे गंज राहिला तर नवी डिस्कही तशीच होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येऊन पाय उचलताच थांबणारी थरथर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटची, आणि पूर्ण वळणावरची कटकट बाहेरच्या जॉइंटची असते.

अनुभवी मेकॅनिकला कानानेच कळते, मग एवढी चिकित्सा कशाला, असे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र आवाज गाडीच्या पत्र्यातून प्रवास करतो. मागच्या चाकाचा पुढून आल्यासारखा वाटतो, आणि यात चांगले कानही फसतात. शिवाय मेकॅनिकला मिळते गल्लीतली दोन मिनिटांची फेरी, दोष दिसतो नव्वदला. ‘चाकातून आवाज येतो’ एवढेच ऐकून तो अंदाजच करणार. ‘साठला सुरू होतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी राहतो, उजव्या वळणावर वाढतो, ब्रेकने आणि रस्त्याने फरक पडत नाही’ असे सांगितले, तर तो सरळ डाव्या बाजूचे बेअरिंग तपासायला घेईल.