भरतीची तयारी करताय? आठवड्यात एखादा दिवस हलका ठेवा

अंबरनाथ : पोलीस भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यातले 20 गुण लांब धावण्याचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडची पोरं-पोरी पहाटेच धावायला निघतात. पण रोज जीव तोडून धावलं की नडगी धरते आणि ऐन चाचणीच्या तोंडावर घरी बसावं लागतं.

मेहनतीने स्नायूंची बारीक झीज होते. ती भरून निघते तेव्हा ताकद वाढते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस हलका व्यायाम ठेवावा. 20 ते 30 मिनिटं सपाटीवर चालणं, सावकाश सायकल किंवा पोहणं पुरे. रक्ताभिसरण चांगलं राहतं, आखडलेलं अंग मोकळं होतं आणि पहाटे उठायची सवयही मोडत नाही. खूण सोपी आहे : सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली तर वेग कमी करा.

हलका दिवस म्हणून मलंगगड चढायला निघू नका. भाताच्या आवणीत दिवसभर वाकला असाल, तर तोही मेहनतीचाच दिवस धरा. आणि रात्रीची झोप पुरी घ्या, तिला दुसरा पर्याय नाही.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबलं की दुखतं, किंवा नुसतं चालतानाही दुखतं, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. तसंच धावत राहिलं तर तो वाढतो, मग भरतीच हातची जाते.